आधी आत्मविश्वास की आधी सुरी?

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात सकाळच्या राउंडला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" ज्यांना विचारलेलं असतं त्याच डॉक्टर असतात. मध्यरात्री याच पेशंटचं फुटलेलं अपेंडिक्स काढायला त्या टेबलापाशी उभ्या होत्या. शेजारी फाइल धरून उभा असलेला मुलगा अजून इंटर्न आहे, पण 'साहेब' तोच. बाई हसून म्हणतात, "मीच डॉक्टर, आजोबा. गॅस पास झाला का?" आणि पुढच्या खाटेकडे वळतात.

एमबीबीएसच्या वर्गात आज मुली जवळपास निम्म्या असतात. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणात, एमएस जनरल सर्जरीला, त्यांची संख्या रोडावते, ऑर्थोपेडिक्सला आणखी. कारण विचारलं की स्टाफरूममध्ये तयार उत्तर मिळतं: "मुली हुशार असतात हो, पण सर्जरीला लागतो तो कॉन्फिडन्स कमी पडतो." बोलणाऱ्याला हे निदान वाटतं, पण ते नुसतं लक्षण आहे. 'ताप आहे' एवढं सांगून डॉक्टर उठून गेले तर कुणी फी देणार नाही. ताप कशाने आला, ते बघायला हवं.

भरवसा नेमका कशाचा?

आत्मविश्वास म्हटलं की ताठ मान आणि मोठा आवाज डोळ्यांपुढे येतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, त्या दोन्हींचा उपयोग थोडा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना इथे जास्त कामाची आहे: एखादं ठरावीक काम आपल्याच्याने होईल, हा भरवसा. यातला 'ठरावीक' हा शब्द सोडायचा नाही. पुण्याच्या रहदारीत बिनधास्त गाडी हाकणारा माणूस भर पावसात वरंधा घाटात गांगरू शकतो. तसंच परिषदेत पेपर गाजवणाऱ्या सर्जनला आतड्याचा जोड घालताना धाकधूक वाटू शकते, आणि चारचौघांत तोंडही न उघडणारी मुलगी तो जोड शांतपणे घालू शकते.

हा भरवसा चार वाटांनी येतो, असं बंडुरा सांगतात. काम स्वतःच्या हातांनी पार पाडल्याने, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहिल्याने, जाणत्याने 'जमतंय' म्हटल्याने, आणि त्या वेळी आपलं शरीर कसं वागतं त्यावरून (धडधड, हाताला कंप, दोन रात्रींचं जागरण). पहिली वाट सर्वांत मोठी. उरलेल्या तिघी तिला हातभार लावतात, तिची जागा घेऊ शकत नाहीत. 'बेटा, विश्वास ठेव स्वतःवर' हे व्याख्यान तिसऱ्या वाटेवरचं, म्हणून त्याचा असर चहा संपेपर्यंतच टिकतो.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो योग्य वेळी दाबला तर अपघात टळतो. प्रत्येक वळणाआधीच दाबला तर महिन्याने लायसन मिळतं, पण गाडी आपण चालवली की मास्तरांनी, हे कळतच नाही. सर्जरीचं शिक्षण अगदी असंच दुहेरी ब्रेकचं आहे.

एका हर्नियात सुरी किती वेळा हात बदलते

जांघेतल्या हर्नियाचं उघडं ऑपरेशन घेऊ. रेसिडेंटच्या, म्हणजे एमएस करता करता वॉर्ड सांभाळणाऱ्या शिकाऊ डॉक्टरच्या, हाती लवकर येणाऱ्या केसेसपैकी ही एक. कातडीवर पाचसहा सेंटिमीटरचा छेद, त्याखालचा चकचकीत पांढरा पडदा उघडणे, तिथून जाणारी बारीक नस जपणे, शुक्ररज्जू (वृषणाकडे जाणारी नळ्या-वाहिन्यांची दोरी) उचलून त्याभोवती फीत घालणे, रज्जूला चिकटलेली हर्नियाची पिशवी सोडवून आत ढकलणे किंवा बांधणे, मग जाळी बसवणे, आणि थरांनी शिवत बाहेर येणे.

या कामात सगळ्या पायऱ्या सारख्या मोलाच्या नाहीत. छेद आणि शेवटचे टाके कुणीही देतं. कस लागतो तो दोन ठिकाणी. पिशवी सोडवताना वीर्यवाहिनी आणि रक्तवाहिन्या अलगद बाजूला काढाव्या लागतात; घाई केली तर त्या फाटतात. जाळीचा पहिला टाका जांघेच्या हाडाच्या उंचवट्यापाशी असा घ्यावा लागतो की जाळी उंचवट्याच्या एकदोन सेंटिमीटर पुढे जाईल, पण सुई हाडाच्या आवरणात शिरणार नाही. जाळी तोकडी पडली तर हर्निया नेमका तिथूनच परत येतो, आवरण टोचलं गेलं तर दुखणं मागे लागतं. पुढे जाळीची खालची कड शिवताना सुई खोल गेली तर खाली मांडीची मोठी शीर आहे.

आता दोन रेसिडेंट घ्या. दोघांच्याही लॉगबुकात, म्हणजे केसेसच्या नोंदवहीत, 'देखरेखीखाली केलं' अशीच नोंद. एकाने पिशवी सोडवली, चुकला, सरांनी "वर ये, वर ये" म्हणत हात मागे बांधून पाहिलं, आणि त्याने ती सोडवली. दुसरीने छेद दिला, पिशवी दिसताच सरांनी "दे इकडे" म्हणून चिमटा घेतला, जाळी बसवली आणि "आता बंद कर" म्हणून ते बाहेर गेले. कागदावर दोघांची एकेक केस. तिच्या खात्यात जमा झाले ते मात्र फक्त कातडीचे टाके. अशा तीस केसेस झाल्यावर तिला एकटीने हर्निया करायला सांगा. ती कचरेल, आणि कचरणं बरोबर ठरेल, कारण अवघड वीस मिनिटं तिने कधी केलेलीच नाहीत.

हा फरक मोजण्यासाठी अमेरिकेत झ्विश श्रेणी वापरतात. तिच्या चार पायऱ्या आहेत: शिक्षक करून दाखवतो, शिक्षक हात धरून करवून घेतो, शिक्षक मागितल्यावरच मदत करतो, शिक्षक फक्त बघतो. तिथल्या सर्जरी रेसिडेंट्सच्या केसेस या श्रेणीने तपासल्या तेव्हा मुलींना मुलांपेक्षा कमी मोकळीक मिळते, असं आढळलं. हातातला चिमटा काढून घेणारे सगळे आकसाने घेतात असं मुळीच नाही. पुष्कळदा ती मदतच असते. मुलगा अडला की 'धडपडू दे, शिकेल', मुलगी अडली की 'राहू दे, मी करतो'. वरून माया, आणि आत मास्तरांचा ब्रेक.

मुलींचा पिंडच तसा असेल तर?

या शंकेचं उत्तर त्याच इमारतीत, बहुधा एका मजल्याच्या अंतरावर, मिळतं. स्त्रीरोग विभागात जा. मोठ्या सरकारी रुग्णालयात तिथल्या रेसिडेंट मुली रात्रीतून एकामागून एक सिझर करतात. बाळाचे ठोके घसरले की निर्णयाला मिनिटंच असतात, रक्तस्राव सुरू झाला तर तो बादलीने मोजावा असा असतो, आणि जीव दोन. गर्भपिशवी काढताना मूत्रनलिका गर्भाशयाच्या धमनीच्या खालून जाते, ती जपणं हे हर्नियापेक्षा सोपं काम नव्हे. या मुलींना 'कॉन्फिडन्स कमी पडतो' असं कुणी म्हणत नाही. त्याच कॉलेजच्या, त्याच वयाच्या, कित्येकदा त्याच बॅचच्या मुली.

फरक इतिहासात आहे. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ साली उभं राहिलं ते बायकांवर बायकांनीच उपचार करावेत म्हणून. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. बाईने बाईचं बाळंतपण करावं, हे समाजाला पटलं, त्यामुळे तिथे मुलीच्या हातात सुरी देताना कुणी दोनदा विचार करत नाही. वरिष्ठही बाईच असते, म्हणजे दुसरी वाटही खुली. जनरल सर्जरीच्या युनिटात मात्र अनेकदा सगळ्या वरिष्ठांत एकही मॅडम नसतात. पिंडाचा दोष असता तर तो मजला पाहून आला नसता.

साडेसहाचे हातमोजे

हा भाग किरकोळ वाटतो, म्हणून लोक तो सोडून देतात. ओटीतले हातमोजे साडेपाचपासून नऊपर्यंत मापाचे येतात. पुष्कळ महिला सर्जनांना सहा किंवा साडेसहा लागतो. कपाटात सात आणि साडेसातचे खोके रचलेले असतात आणि सिस्टर सांगतात, "साडेसहाचे संपलेत, साताचे घाला." मोठ्या मोज्यात बोटाच्या टोकाशी रबर लोंबतं. गाठ मारताना धागा त्यात अडकतो, गाठीबरोबर मोजा ओढला जातो, आणि टाक्याचा ताण बोटाला नीट कळत नाही. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: हिची गाठ सैल बसते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत याचा कडेलोट होतो. आतडं कापून एकाच वेळी शिवणाऱ्या स्टेपलरच्या मुठीचा घेर मोठ्या पंजासाठी घडवलेला असतो. ७२६ सर्जनांच्या एका पाहणीत लहान हातांच्या सर्जनांना ही अवजारं वापरताना जास्त अडचण येते, असं २००४ मध्येच नोंदलं गेलं. दोन्ही हातांनी मूठ दाबणं ही यावरची साधी आणि सुरक्षित युक्ती आहे. दुर्बीण असिस्टंटकडे असतेच. पण दोन हात लावले की 'जोर नाही' अशी कुजबुज होते. बॅटरीवरचा स्टेपलर असेल तर प्रश्नच मिटतो, तो महाग असतो एवढंच.

टेबलाची उंची ही तिसरी गोष्ट. दुर्बिणीची अवजारं लांब असल्याने त्यांच्या मुठी सर्जनच्या कोपराच्या पातळीला यायला हव्यात. त्यासाठी टेबल कोपराच्या उंचीच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर, म्हणजे उघड्या ऑपरेशनपेक्षा बरंच खाली, आणावं लागतं. टेबल सहा फुटी युनिट हेडच्या सोयीने लावलेलं असेल तर पाच फुटी रेसिडेंट खांदे उचलून तासभर काम करते. खांदा भरून येतो, हात थरथरतो. ही बंडुरांची चौथी वाट: शरीर सांगतं 'तुला जमत नाहीये', खरं तर जमत नसतं ते टेबलाला. उपाय फुकट आहे. पेशंट झाकण्याआधी टेबल पूर्ण खाली घ्यायचं, तरी उंच वाटलं तर पायरीवर उभं राहायचं (पायरी रुंद हवी, अवजारांना वीज देणारं पायातलं पेडल तिच्यावरच ठेवायचं, नाहीतर एक पाय वर एक खाली राहतो), आणि मॉनिटरचा पडदा डोळ्यांच्या किंचित खाली आणायचा. हे सगळं चीर देण्याआधी. नंतर सांगितलं तर ती कुरकुर ठरते.

मग त्या मागत का नाहीत?

मागतात. पण 'सर, मला केस द्या ना' असं मोघम मागणं मुलाने केलं तर उत्साह आणि मुलीने केलं तर आगाऊपणा, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की दुसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच जणी गप्प होतात. गप्प झाल्या की 'इंटरेस्ट नाही'.

मोघम मागण्यापेक्षा पायरीवार मागणं जास्त वेळा लागू पडतं. आदल्या संध्याकाळी, ओटीची यादी लागली की: "सर, उद्याच्या दुसऱ्या हर्नियात पिशवी सोडवण्यापासून जाळीच्या पहिल्या टाक्यापर्यंत मी करते. पंधरा मिनिटांत पिशवी मोकळी झाली नाही तर तुम्ही घ्या." यात नेमकं काय हवं ते आहे, आणि ब्रेक कधी दाबायचा तेही आधीच ठरलं आहे. सरांना नाही म्हणणं जड जातं. केस संपल्यावर कपडे बदलायच्या आत दोन मिनिटं: कुठे अडले, तुम्ही कुठे हात घातला, पुढच्या वेळी काय वेगळं करू. "छान झालं" या उत्तरावर थांबायचं नाही. छान म्हणजे काय छान, हे कळलं नाही तर खात्यात काही पडत नाही.

तरीही सगळा भार मागणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. युनिट हेडला याहून सोपं काम आहे. सहा महिन्यांची लॉगबुकं घ्यावीत आणि केसेस न मोजता अवघड पायऱ्या मोजाव्यात: पित्ताशयाची नळी कुणी मोकळी केली, आतड्याचा जोड कुणी घातला, रात्रीच्या फुटलेल्या अल्सरवर टाके कुणी घेतले. रेसिडेंटवार बेरीज करायला अर्धा तास पुरतो. आकडा पाहून चकित होणारे बहुतेक जण प्रामाणिकपणे चकित होतात.

बेरजेत रात्रीच्या केसेस मुलींच्या नावावर कमी दिसल्या, तर ओटीशेजारची ड्युटी रूम पाहावी. मुलं तिथेच आडवी होतात. मुलींसाठी कडी लागणारी वेगळी खोली नसेल तर त्या हॉस्टेलवर जातात. तीन वाजता इमर्जन्सी आली की जो जवळ तोच स्क्रब होतो, म्हणजे हात धुऊन ऑपरेशनला उभा राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, तेव्हा देशभर सुरक्षेची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. कडी असलेल्या खोलीचा संबंध शिकण्याशीही आहे, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही. जाच बाहेरून येतो असंही समजू नये: ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भाग घेतलेल्या महिला सर्जनांपैकी ६३ टक्क्यांनी आधीच्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं.

पण सर्जनला शंका येणं धोक्याचंच ना?

उलट, शंका न येणं धोक्याचं. दुर्बिणीने पित्ताशय काढताना सर्वांत भयंकर चूक म्हणजे पित्ताशयाची नळी समजून यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका कापणं. ही चूक हात कच्चा म्हणून क्वचित होते. डोळ्यांना 'हीच ती' अशी खात्री वाटते, म्हणून होते. त्यासाठी एक नियम आहे: काहीही कापण्यापूर्वी तिथला त्रिकोण चरबी काढून साफ दिसला पाहिजे, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा झाला पाहिजे, आणि पित्ताशयात शिरताना दोन आणि दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, नळी आणि धमनी. तिन्ही दिसलं नाही तर थांबा, वरिष्ठांना बोलवा, पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवा किंवा पोट उघडा. म्हणजे शंकेला इथे चक्क कार्यपद्धतीत जागा दिलेली आहे.

कामाची शंका आणि निकामी शंका वेगळी ओळखता येते. 'ही नळी मला पूर्ण दिसत नाहीये' ही कामाची. तिला उत्तर आहे, पुढची कृती आहे. 'मी इथे असायलाच नको होते' ही निकामी; तिला टेबलावर उत्तर नाही. या दुसरीला पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये 'इंपोस्टर' हे नाव जोडलं, म्हणजे आपण तोतया आहोत आणि कधीतरी पकडले जाऊ ही भावना. हल्ली हे लेबल फार स्वस्त झालं आहे. जिला खरोखरच कमी केसेस मिळाल्या तिलाही ते चिकटवलं की दोष पुन्हा तिच्याच डोक्यात जाऊन बसतो.

कॅनडातल्या ओंटारिओत २००७ ते २०१५ मधल्या १,०४,६३० पेशंटांचा हिशेब मांडला गेला. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा भरती किंवा गुंतागुंत, यांपैकी काहीतरी झालेले पेशंट महिला सर्जनांचे ११.१ टक्के, पुरुषांचे ११.६ टक्के. स्वीडनमध्ये दीड लाखांवर पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया पाहिल्या, तेव्हा महिला सर्जनांना वेळ थोडा जास्त लागला आणि गुंतागुंत कमी झाली. यावरून 'बायकाच चांगल्या सर्जन' असा झेंडा लावू नये. फरक छोटा आहे आणि असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत. पण 'कचरतात, म्हणून पेशंटला धोका' या समजुतीला मात्र त्यात कुठेच आधार नाही.

एक केस बिघडली की

अर्थशास्त्रज्ञ हेदर सारसन्स यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या नोंदी तपासल्या. पेशंट दगावल्यावर इतर डॉक्टर त्या सर्जनकडे पेशंट पाठवणं किती कमी करतात, हा प्रश्न होता. महिला सर्जनच्या बाबतीत ओघ कितीतरी जास्त आटला. पुरुषाचा अपयशी दिवस 'वाईट केस' ठरतो आणि बाईचा 'हात वाईट'. अशा बाजारात जपून पाऊल टाकणं हा भित्रेपणा कसा म्हणायचा?

गुंतागुंत झाली की त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, तीन ओळी लिहाव्यात: कोणत्या क्षणी कोणता निर्णय घेतला, तेव्हा काय दिसत होतं, दुसरा पर्याय काय होता. निकाल लिहायचा नाही. तो सगळ्यांना माहीत असतो. मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसची चर्चा होते त्या मॉर्टॅलिटी मीटिंगला याच ओळी घेऊन जावं. आणि तशीच पुढची केस शक्य तितक्या लवकर, ओळखीच्या वरिष्ठांना शेजारी घेऊन करावी. महिनाभर टाळली की हात नाही, मन आखडतं.

बाळंतपणानंतर हात जातो का?

थोडा बोथटतो, परततोही. पण त्याआधीची बाजू गंभीर आहे. अमेरिकेतल्या महिला सर्जनांच्या २०२१ च्या पाहणीत ४२ टक्क्यांनी किमान एकदा गर्भ गमावल्याचं सांगितलं, आणि शेवटच्या तिमाहीत आठवड्याला १२ तास किंवा जास्त ऑपरेशन करणाऱ्यांना गुंतागुंतीचा धोका अधिक होता. गरोदरपणी ऑपरेशनची यादी हलकी करणं ही मेहेरबानी समजू नये.

परत येताना पहिल्याच दिवशी मोठी केस घेऊ नये, आणि तीन महिने नुसता रिट्रॅक्टरही (जखमेच्या कडा ओढून धरायचं अवजार) धरू नये. घरी बुटांचा खोका, मोबाइलचा कॅमेरा आणि दोन जुनी अवजारं घेतली तरी सराव होतो. खुंट्यांवरचे सहा मणी एका हातातून दुसऱ्या हातात घेत पलीकडे लावायचे आणि परत आणायचे. न पाडता ४८ सेकंद हा प्रावीण्याचा एक रूढ निकष आहे. तो सलग दोनदा गाठला की ओटीत पहिल्या आठवड्यात असिस्ट, दुसऱ्यात एकेक पायरी, मग पूर्ण केस.

पेशंटने काय विचारावं?

'बाई आहेत की बुवा' सोडून तीन गोष्टी विचाराव्यात. हे ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? अवघड भाग कोण करणार? मध्येच अडलं तर काय करणार? "काही काळजी करू नका हो, आपण रोज करतो" हे उत्तर ऐकायला गोड लागतं. "महिन्याला चारपाच करते. चिकटलेलं निघालं तर पोट उघडावं लागेल, त्याची सही आधीच घेते, आणि आमचे सर शेजारच्या ओटीत असतील" हे तितकं गोड नाही. सही करायला पेन शोधताना यातलं कोणतं उत्तर जास्त भरवशाचं वाटलं, ते पाहावं.